रान आणि बरड

आत्याला लकवा झाला तेव्हा माझी दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. घरात बिनकामाची अशी मी एकटीच होते, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. दादा, म्हणजे माझे वडील, भल्या पहाटे बाजारात जायचे. शेठच्या गाळ्यावर भाजी तोलायचं काम होतं त्यांचं. आई सकाळचा स्वयंपाक उरकला की शिलाई मशिनवर बसायची, ती दिवेलागणीपर्यंत. पंचवटीतल्या एका गल्लीत दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाहेरच्या खोलीत मशिन, आतल्या खोलीत ओटा, आणि मधल्या दाराशी, जिथून दोन्हीकडून लक्ष राहील अशा जागी, आईने आत्याची कॉट टाकली. आत्या दादांची थोरली बहीण. गिरणाऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला तिचं सासर. नवरा वारलेला, मूलबाळ नाही असं आम्ही म्हणायचो, आणि ती दिराच्या घरी राहून शेतात राबायची. एका सकाळी गोठ्यात शेण काढताना ती कोसळली. उजवा हात आणि पाय गेले, आणि बोलणं गेलं. हात-पाय गेल्याचं दुःख कमी वाटावं इतकं तिचं बोलणं होतं.

पूर्वी ती आमच्याकडे यायची तेव्हा एस.टी.तून उतरल्यापासून तोंड सुरू असायचं. डोक्यावर नागलीचं गाठोडं, पिशवीत खुरासणी. खुरासणी भाजून तिची काळी चटणी ती स्वतः वाटायची, कारण माझ्या आईच्या हातच्या चटणीला तिच्या मते चव नव्हती, नुसता रंग होता. मला म्हणायची, भाकर थापता येती का गं, का नुसती पुस्तकंच थापती? आई मशिनवरून मान न उचलता सांगायची, वन्सं, पोरगी शिकतेय, शिकू द्या. मग दोघींचं जुंपायचं आणि त्यात दोघींना मजा यायची. गल्लीत रिक्षांचे हॉर्न, देवळांतल्या घंटा, यात्रेकरूंना हाका मारणारे गुरुजी आणि भाजीच्या हातगाड्या, एवढ्या सगळ्या आवाजातून तिचा आवाज कोपऱ्यावर ऐकू जायचा. आता त्याच घरात मशिनची खडखड तेवढी उरली.

तिचं सगळंच बोलणं गेलं होतं असं नाही. 'हां' आणि 'नाही' होतं. 'मुडद्या' होतं, आणि ते इतकं स्वच्छ यायचं की पहिल्यांदा दूधवाल्याला ते ऐकायला मिळालं तेव्हा तो बिचारा आनंदाने म्हणाला, बाई सुधारल्या की. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं होतं की रोज तिच्यासमोर वस्तू धरायच्या आणि नाव म्हणून घ्यायचं. हे काम माझं. मी तांब्या धरायची, ती बराच वेळ बघायची, ओठ हलवायची आणि म्हणायची, भांडं. वाटी धरली तरी भांडं, तवा धरला तरी भांडं. वांगं, भेंडी, गिलकं, सगळ्याला भाजी. खिडकीवर चिमणी बसली तरी पाखरू आणि कावळा बसला तरी पाखरू. डॉक्टर म्हणाला, असंच होतं, बारीक नावं आधी जातात, मोठं नाव राहतं. मला ते चटकन पटलं. आता माझी पन्नाशी उलटली आहे. सांडशी समोर दिसत असते आणि मी सुनेला म्हणते, ते दे गं, ते हे. अशा वेळी मला तो डॉक्टर आठवतो आणि घाम फुटतो.

या मोठ्या नावांत एक नाव होतं रान. ते ती कुठलीही वस्तू दाखवली नसताना म्हणायची. दुपारी जेवण झालं, नागलीची पेज मी चमच्याने भरवली, तोंड पुसलं, की ती डाव्या हाताने दाराकडे दाखवायची आणि म्हणायची, रान. आधी आईला वाटलं तिला शौचाला जायचंय. गावाकडे रानात जाणं म्हणजे तेच. आई भांडं घेऊन आली की आत्या ते हाताने लोटून द्यायची आणि दूधवाल्याला मिळाला होता तोच शब्द आईला मिळायचा. मग दादांना वाटलं तिला शेताची काळजी लागली आहे. त्यांनी तिला सांगितलं की नांगरट झाली, तिचे दीर किसनदाजी सगळं बघतायत, भाताचं बी राखून ठेवलंय. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, रान. एकदा तर ती इतकी चिडली की डोळ्यांतून पाणी आलं. दादा उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आमच्या घरात पुरुषांना काही सुचेनासं झालं की ते बाहेर जाऊन उभे राहत.

उलगडा आईने केला. एका दुपारी आत्याने नेहमीप्रमाणे 'रान' म्हटलं आणि चांगला हात कोपरात वाकवून छातीशी धरला, आणि थोडा हलवला. मशिनचं चाक आईने हाताने थांबवलं. म्हणाली, अगं बाई, बाळाचं म्हणतायत. तेव्हा मला प्रथम कळलं की आत्याला एक मूल झालं होतं. बारशाच्या आतच गेलं. मुलगा होता. आई आमच्या घरात सून म्हणून यायच्या आधीची गोष्ट. तिनेही ती ऐकलेलीच होती, आणि ऐकून गप्प बसायची म्हणून ऐकलेली. एवढ्या लहान मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेर कुठेतरी नेतात, वर दगड ठेवतात. खूण ठेवत नाहीत. आईने आत्याला विचारलं, वन्सं, बाळाला ठेवलं तिथे जायचंय का? आत्या म्हणाली, हां. इतक्या दिवसांत तिचं म्हणणं पहिल्यांदा कोणाला कळलं होतं, म्हणून ती रडली, आणि आईने पदराने तिचं नाक पुसलं आणि म्हणाली, मग नेऊ, त्यात काय.

पण कुठे नेऊ? रान हा आमच्या भागात फार मोठा शब्द आहे. शेताला रान म्हणतात आणि जंगलालाही रान. गुरं चारायची ती जागा रान, सकाळी तांब्या घेऊन जायचं तेही रान. बाप कुठंय म्हणून विचारलं की पोर सांगतं, रानात. परक्याला त्यातून काही कळत नाही. घरच्याला कळतं, कारण बापाने सकाळी औत नेलं की कुऱ्हाड, ते त्याने पाहिलेलं असतं. मोठा शब्द चालतो तो असा, बाकीचं ठाऊक असलेल्या माणसांत. आत्याला बाकीचं ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं, आणि ज्या लहान शब्दाने आमचं काम झालं असतं तो तिच्या डोक्यातून पुसला गेला होता. आम्ही सगळे असंच समजून चाललो. दादा, आई, डॉक्टर, मी. यात शंका घ्यावी असं कोणालाच वाटलं नाही. तव्याचं भांडं झालं होतं, कावळ्याचं पाखरू झालं होतं, तसं कशाचं तरी रान झालं होतं.

मी कामाला लागले. मी शहरात वाढलेली मुलगी. मला शेत आणि डोंगर एवढंच येत होतं. संध्याकाळी दादा घरी आले की मी त्यांच्याकडून नावं गोळा करायची. मळई म्हणजे नदीच्या गाळाची जमीन. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं वावर. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेला तुकडा. ओहोळ, माळ, दरा, गायरान. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्यासमोर बसायची आणि एकेक नाव म्हणायची. मळई? ती माझ्या तोंडाकडे बघायची. ओहोळ? कधी 'हां' यायचं, मला वाटायचं सापडलं. पुन्हा विचारलं की 'नाही'. दुसऱ्या दिवशी कुरणाला 'हां'. शेवटी ती थकून 'रान' म्हणायची, आणि मी थकून 'कुठलं रान, आत्या' म्हणायची, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसायचो. बाहेरून आई विचारायची, काही? मी म्हणायची, काही नाही. मशिन पुन्हा सुरू व्हायचं. अख्खा उन्हाळा मी हेच केलं. मैत्रिणी टायपिंगच्या क्लासला जात होत्या.

पाऊस जवळ आला तसं आईने ठरवलं की एकदा चिखल झाला की हिला नेता येणार नाही, तेव्हा आत्ताच न्यायचं आणि तिथे जाऊन तिच्या दिरांना विचारायचं. हे आधी का सुचलं नाही, असं आज वाचणाऱ्याला वाटेल. दादांना ते सुचलं होतं. पण बहिणीच्या सासरी जाऊन, तुम्ही मूल कुठे पुरलंत, असं विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती. ते आईला हे बोलून दाखवू शकत नव्हते, म्हणून मी शब्द विचारायला गेले की उत्साहाने शब्द सांगायचे.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी शेठचा टेम्पो मिळाला. आत्याला पुढे ड्रायव्हरशेजारी दादांनी धरून बसवलं, मी आणि आई मागे रिकाम्या क्रेटांमध्ये. टोमॅटोचा आंबूस वास, उन्हाने तापलेला पत्रा, आणि मांडीवर डबा. आईने दशम्या केल्या होत्या आणि खुरासणीची चटणी, आत्याच्या पद्धतीने. गंगापूर रोडवरून शहर मागे पडलं. पुढे आम्हाला आत्याची फक्त मान दिसत होती, ती सारखी या खिडकीकडून त्या खिडकीकडे वळत होती.

किसनदाजी, आत्याचे दीर, ओसरीवर दोर वळत बसले होते. वहिनीला पाहून ते गडबडीने उठले, स्वतः पुढे होऊन त्यांनी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. शरीर कसं, औषध कोणाचं, गाय व्याली, असं सगळं बोलून झालं. मग आईनेच सरळ सांगितलं की वन्संना बाळाच्या जागेवर जायचंय, पण जागेचं नाव त्यांच्या तोंडून येत नाही, नुसतं रान म्हणतात, लकव्याने शब्द गेलाय. तेव्हा तुम्ही सांगा. दाजींनी दोर खाली ठेवला. आत्या खाटेवरून त्यांच्याकडेच बघत होती.

"शब्द नाय गेला तिचा," दाजी म्हणाले. "तिला कोणी सांगितलंच नव्हतं."

दादांनी विचारलं, "म्हणजे काय?"

"बाईला नाय सांगत. अंगावर दूध असतं, जागा कळली का तिथं जाऊन बसती. मंग उठवायची कोणी? आमच्या बापानं तिला सांगितलं, रानात ठेवलं. तिनं दादल्याला इचारलं, त्योबी म्हणला, रानात. मला इचारलं, मी काय येगळं सांगणार?"

आईने विचारलं, आणि पुढे कधीच नाही? एवढी वर्षं एका घरात राहून? दाजी म्हणाले की सुरुवातीला ती फार विचारायची, रोज विचारायची, आणि मग विचारायचं सोडलं. तिने सोडलं म्हणून आम्हालाही बरं वाटलं. जागेचं म्हणाल तर वरच्या खडकाळ बरडाला नेलं होतं. बरडाचं गवत कापायला तिला कधी पाठवलं नाही, एवढं घरात पाळलं. ती म्हणायची मी जाते, तर दुसरं काहीतरी काम काढून द्यायचे.

दाजी हे सगळं तिच्यासमोर सांगत होते. लकवा झालेल्या माणसाला ऐकूही येत नाही असं पुष्कळांना वाटतं. मी आत्याकडे बघितलं नाही. मी उन्हाळाभर केलेल्या कामाचा हिशेब लावत होते. जो शब्द तिला कोणी दिलाच नव्हता तो मी रोज दुपारी तिच्या तोंडातून काढायला बघत होते. मळई, ओहोळ, कुरण. कधी हां, कधी नाही. तिला ठाऊकच नव्हतं तर ती दुसरं काय म्हणणार? ती मला सांगत नव्हती, विचारत होती. सासऱ्याने टाकलेला तोच एक शब्द घेऊन तिने पुन्हा विचारायला सुरुवात केली होती, आणि आम्ही तिच्यासमोर शौचाचं भांडं धरत होतो.

आई म्हणाली, चला, बरड दाखवा. दाजी काचकूच करत होते, पण आले. टेम्पो गावाच्या वरच्या अंगाला चढला आणि एका तारेच्या कुंपणापाशी थांबला. तिथे बरड नव्हतं. वाटणीत ते चुलतभावाकडे गेलं होतं. त्याने बुलडोझर फिरवून दगड बाजूला लोटले, उतार सपाट केला, नदीची माती आणून टाकली आणि द्राक्षं लावली. छाटणीनंतरची नवी पालवी मांडवावर चढत होती. खांब, तारा, ओळी. उन्हात डोळ्यांना गार वाटेल असं हिरवं. दाजींनी हातातल्या काठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवेत रेघ ओढली आणि म्हणाले, हे सगळं. यातच कुठंतरी.

आईने त्यांना टेम्पोच्या मागे नेलं. मी तिथेच होते. तिने हळू आवाजात सांगितलं की कुंपणाकडेला ते दगड पडलेत, त्यातला एक दाखवा आणि म्हणा, इथे. वन्संना तेवढ्याने बरं वाटेल.

"खोटं दाखवू?" दाजी म्हणाले.

"दाजी, त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळतंय ना. मेल्यालं लेकरू हाय ते. माझ्या भावाचं."

आईला गप्प बसवणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परतताना टेम्पोत ती मला म्हणाली की मी दाजींच्या जागी असते तर दाखवला असता दगड. आणि दादा घरी आल्यावर म्हणाले, दाजी बरोबर होते. या विषयावर त्या दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. मी आजही आईच्या बाजूची आहे. एक दगड दाखवायचा होता.

शेवटी दादाच पुढे झाले. टेम्पोच्या दाराशी उभे राहून, बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आक्का, बरड. बरडावर ठेवलं होतं त्याला. हे बघ, हेच." आत्याने काचेतून समोर बघितलं. द्राक्षाच्या ओळींकडे बघितलं, नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मान हलवली. नाही. दादांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, नाही. चिडली नव्हती. एखाद्याने वांगं दाखवून भेंडी म्हटलं तर आपण जसं नाही म्हणू तसं म्हणाली. आणि ते बरोबरच होतं. शेतकऱ्याच्या घरात जन्म गेलेल्या बाईला बरड कशाला म्हणतात हे कळत होतं, आणि समोर होतं त्याला बरड म्हणता येत नव्हतं. रान म्हटलं असतं तर चाललं असतं. द्राक्षाचा मळाही रानच. सपाट करा, माती भरा, काहीही लावा, रान हे रान राहतं. बरडाचं तसं नाही, दगड काढले की ते गेलं. आम्हाला नेमका शब्द मिळाला तेव्हा त्याला लावायला जागा उरली नव्हती.

दशम्या कोणी खाल्ल्या नाहीत. आईने डबा दाजींच्या घरी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सवयीने आत्यासमोर बसले. तांब्या धरला नाही, वाटी धरली नाही. काय करावं ते मला खरंच कळत नव्हतं. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. आत्याने दाराकडे हात केला आणि म्हणाली, रान. म्हणजे कालचा दिवस तिच्या हिशेबी झालाच नव्हता. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडण्यापेक्षा काही बोलावं म्हणून मी बरड म्हणजे काय ते तिला सांगायला लागले. तसं बघितलं तर बरड मी पाहिलंच नव्हतं. आदल्या रात्री जेवताना दादांना विचारलं होतं तेवढंच मला येत होतं.

मी म्हटलं, बरड म्हणजे उताराची मुरमाड जागा. माती बोटभर, खाली दगड. पावसात गवत उगवतं, दिवाळीपर्यंत ते पिवळं पडतं आणि त्याची कुसळं लुगड्याला चिकटतात. करवंदीच्या जाळ्या असतात. पाणी ठरत नाही. वारा फार असतो. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती, 'हां' म्हणत नव्हती, 'नाही' म्हणत नव्हती. थांबले की डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर थाप मारायची, पुढे सांग म्हणून. बाहेर मशिन थांबलं होतं. आईसुद्धा ऐकत असावी. कॉलेज सुरू होईपर्यंत रोज दुपारी आमचं हेच चालायचं, आणि दिवाळीच्या आधी ती गेली तोवर जमेल तेव्हा. ती तो शब्द कधीच म्हणाली नाही. मी म्हणायची, ती ऐकायची. मला सांगण्यासारखं फार नव्हतं, तेच तेच यायचं, आणि शेवटी कायम एकच वाक्य असायचं, दादांनी सांगितलेलं, जसंच्या तसं: बरड पिकत नाही, म्हणून तिथे कोणी नांगर घालत नाही, आणि माती कोणी उकरत नाही.

या वाक्याला ती म्हणायची, हां.